डांबरीकरणाची पाहणी आणि छायाचित्राची साक्ष

ज्या बांधकामाचा बहुतांश भाग पुरा होताच दृष्टीआड होतो, त्याची तपासणी कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे करावी, हा प्रश्न स्थापत्यशास्त्रात पुरातन असला, तरी रस्त्याच्या बाबतीत तो जितका बिकट होतो तितका इमारतीच्या बाबतीत होत नाही. मुरुमावर सोलिंग, सोलिंगवर खडीकरण, त्यावर डांबरमिश्रित थर, मग कारपेट आणि शेवटी सीलकोट, अशा क्रमाने रस्ता वर येत असताना प्रत्येक वरचा थर खालच्या थराचे गुणदोष झाकून टाकतो; आणि उद्घाटनाच्या दिवशी त्या काळ्याभोर, तुकतुकीत पृष्ठभागाकडे पाहून समाधान पावणाऱ्या पुढाऱ्याला, पत्रकाराला, किंबहुना वरिष्ठ अभियंत्यालाही, वस्तुतः वरचे वीस-पंचवीस मिलिमीटर तेवढे दिसत असतात. त्यात लांबीची अडचण निराळीच. भारतातील रस्त्यांची एकूण लांबी ६३ लाख किलोमीटरांहून अधिक आहे, आणि एवढ्या विस्ताराची पायी पाहणी करण्यास पुरेल एवढा अभियंतावर्ग कोणत्याही शासनापाशी नाही.

या अडचणीवर इंग्रजी अमदानीपासून चालत आलेला उपाय म्हणजे मोजमाप पुस्तक. पृष्ठांवर आधीच छापलेले अनुक्रमांक, शाईने केलेली नोंद, खाडाखोडीस मनाई, चूक झालीच तर ती आडव्या रेघेने छेदून शेजारी स्वाक्षरी, शाखा अभियंत्याने जागेवर घेतलेले माप आणि त्यातील काही अंशाची उपअभियंत्याने स्वतः जाऊन केलेली रुजुवात, या सर्व नियमांमागे एक खोल शहाणपण होते. माणूस अप्रामाणिक असू शकतो हे गृहीत धरून, त्याची अप्रामाणिकता कागदावर उमटल्याशिवाय राहू नये, अशी ती योजना होती. ती नेहमी सफल झाली असे कोणी म्हणणार नाही. घरबसल्या भरलेली मोजमाप पुस्तके आपल्या प्रांतात अपूर्वाईची गोष्ट नव्हेत. तथापि नोंद कशी असावी याचा आदर्श त्या पुस्तकाने घालून दिला, हे मान्य केले पाहिजे.

गेल्या दीड-दोन दशकांत याच दफ्तरात एक नवा दस्तऐवज दाखल झाला: भ्रमणध्वनीने टिपलेले, आणि ज्याच्या पोटात अक्षांश, रेखांश, दिनांक व वेळ आपोआप नोंदली जाते असे डिजिटल छायाचित्र. त्याने पाहणीचे काम सोपे केले, जलद केले आणि काही अंशी सार्वजनिकही केले. परंतु मोजमाप पुस्तकाची शिस्त त्याने कितपत उचलली, यावरच त्याचे खरे मोल ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे; आणि या प्रश्नाच्या सर्व अंगांकडे त्याच दृष्टीने पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

रस्त्याची स्थिती आकड्यांत मांडण्याची खटपट छायाचित्रापेक्षा वेगळ्या दिशेने सुरू झाली. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात जी प्रसिद्ध रस्ता-चाचणी झाली, तिच्यात काही परीक्षकांना मोटारीत बसवून रस्त्याला शून्य ते पाच असे गुण देण्यास सांगितले गेले, आणि त्या गुणांचा पृष्ठभागाच्या मोजलेल्या खडबडीतपणाशी व भेगांशी मेळ घालून एक निर्देशांक तयार झाला. पुढे अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने १९७० च्या दशकात शून्य ते शंभर गुणांचा जो स्थिती-निर्देशांक बसवला, त्यात मात्र मोटारीतून खाली उतरून, भेगेचा प्रकार, तिची तीव्रता आणि तिने व्यापलेले क्षेत्रफळ टिपून घेणे आवश्यक झाले. हे काम कंटाळवाणे, सावकाश आणि रहदारीत धोक्याचेही असल्याने कॅमेऱ्याची आठवण होणे क्रमप्राप्तच होते. फ्रान्समध्ये रात्रीच्या वेळी, कृत्रिम प्रकाशात, चालत्या वाहनातून ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर रस्त्याचे अखंड चित्रण करणारी यंत्रणा त्याच सुमारास वापरात आली. जपानमध्ये तशीच व्यवस्था निर्माण झाली, आणि १९८७ पासून अमेरिकेत रस्त्यांच्या दीर्घायुष्याचा जो मोठा अभ्यास चालू झाला त्यात हे जपानी तंत्र घेतले गेले. रात्र निवडण्याचे कारण मोठे मार्मिक आहे. दिवसा झाडांच्या, खांबांच्या आणि खुद्द वाहनाच्या सावल्या भेगांशी बेमालूम मिसळतात. रात्री प्रकाश आपल्या स्वाधीन असतो व तो तिरका पाडला की बारीकशी भेगही काळी उठून दिसते. आजचा हौशी पाहणीकार भर दुपारच्या उन्हात डोक्यावरून छायाचित्र घेतो, तेव्हा ५० वर्षांपूर्वी समजलेली ही गोष्ट तो विसरलेला असतो. आपल्याकडे तर निसर्गानेच एक फुकटचे साधन दिले आहे: पाऊस थांबून रस्ता सुकू लागला की पृष्ठभाग आधी कोरडा होतो आणि भेगांत पाणी राहते, त्यामुळे भेगांचे सारे जाळे अर्धा-पाऊण तास स्पष्ट दिसते.

भारतात या विषयाचे पायाभूत संहितालेखन भारतीय रस्ते काँग्रेसने केले. तिची स्थापना १९३४ ची, आणि तिचे मूळ १९२७ साली नेमलेल्या ज्या समितीच्या शिफारशींत सापडते त्या समितीचे अध्यक्ष बॅ. मुकुंदराव जयकर होते, ही गोष्ट मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसते. डांबरी पृष्ठभागाच्या देखभालीविषयी काँग्रेसने काढलेल्या संहितेत दोषांचे वर्गीकरण आहे, कारणमीमांसा आहे, उपायही आहेत. म्हणजे काय पाहावे हे आपल्याला फार पूर्वीपासून माहीत होते. पाहिले हे सिद्ध कसे करावे, एवढेच राहिले होते.

छायाचित्राला काय दिसत नाही, हे येथे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण सारा घोटाळा तेथेच आहे. ग्रामीण रस्त्यावर घालावयाचा कारपेट साधारणतः २० मिलिमीटर जाडीचा असतो. तो पंधराच मिलिमीटर घातला, तर पावणेचार मीटर रुंदीच्या एका किलोमीटरमागे पावणेएकोणीस घनमीटर मिश्रण वाचते, आणि वरून घेतलेल्या कोणत्याही छायाचित्रात या बचतीचा मागमूस लागत नाही. दबाईचेही तसेच. वॉशिंग्टन राज्यातील संशोधकांनी १९८९ साली असा ठोकताळा मांडला, की डांबरी थरातील हवेच्या पोकळ्या सात टक्क्यांच्या वर गेल्या की पुढील प्रत्येक टक्क्यामागे थराचे आयुष्य सुमारे एक-दशांशाने घटते. परंतु सात टक्के पोकळ्यांचा रस्ता आणि दहा टक्के पोकळ्यांचा रस्ता पहिल्या दिवशी डोळ्यांना सारखेच दिसतात, कॅमेऱ्यालाही तसेच दिसतात, आणि त्यांतील अंतर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यानंतरच उघडकीस येते. डांबराचे प्रमाण, खडीची प्रत, खालच्या मुरुमाची घट्टपणा धरण्याची शक्ती, यांपैकी एकही गोष्ट पूर्ण झालेल्या रस्त्याच्या चित्रात नाही.

यावरून छायाचित्र निरुपयोगी ठरते असे नव्हे. ते केव्हा घ्यावे याचा मात्र निर्णय होतो. खालचा थर उघडा असताना, त्यावर टॅक कोट मारला जात असताना, कडेला खड्डा खणून थरांच्या जाडीशेजारी टेप उभी धरलेली असताना, कोअर काढून तो त्याच छिद्राशेजारी मोजपट्टीसह ठेवलेला असताना, तीन मीटरची सरळ पट्टी पृष्ठभागावर टेकवून तिच्याखालची फट दाखवताना घेतलेले छायाचित्र हे खरोखर मोजमाप पुस्तकाचे पान होऊ शकते. त्यात माप आहे, स्थळ आहे, वेळ आहे. याउलट काम संपल्यावर रस्त्याच्या मधोमध उभे राहून क्षितिजापर्यंत पसरलेल्या डांबराचे जे देखणे चित्र अहवालाच्या मुखपृष्ठावर लावले जाते, ते लग्नातल्या छायाचित्रासारखे असते. संसार कसा चालला हे त्यावरून कळत नाही.

या नियमाला एक सन्मान्य अपवाद आहे, आणि तो म्हणजे उष्णता टिपणारा कॅमेरा. डांबरी मिश्रण हा उष्णतेचा खेळ आहे. रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांनुसार नेहमीच्या व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचे मिश्रण पसरताना किमान १४० अंश सेल्सिअस असावे आणि रोलरची दबाई ९० अंशांखाली उतरण्यापूर्वी आटोपावी, असा दंडक आहे. हॉटमिक्स प्लँट दूर असला, डंपरवर ताडपत्री नसली, घाटात वाहतूक अडली, की भाराच्या कडेचे व वरचे मिश्रण निवते, आणि पेव्हरमधून ते जेथे पडते तेथे पृष्ठभागावर गार पट्टा तयार होतो. तो पट्टा पुरेसा दबत नाही, त्यात पोकळ्या राहतात, पाणी शिरते, आणि पुढे नेमका तेथेच खड्डा पडतो. साध्या कॅमेऱ्याला हा पट्टा दिसणार नाही. उष्णताचित्रात तो ताबडतोब दिसतो, आणि तोही दुरुस्ती अजून हातात असताना. अमेरिकेत याविषयीचे संशोधन १९९० च्या दशकात झाले आणि पुढे पेव्हरच्या मागे बसवण्याची यंत्रे निघाली. आपल्या जिल्हा परिषदांच्या व बांधकाम विभागाच्या कामांवर पन्नास आकर्षक छायाचित्रांऐवजी असली पाच उष्णताचित्रे मागितली गेली, तर कंत्राटदारांमध्ये ताडपत्रीचा खप पहिल्याच हंगामात वाढेल, अशी लेखकाची खात्री आहे.

आता स्थळ आणि काळ यांच्या नोंदीकडे वळू. उपग्रहांवरून स्थाननिश्चिती करण्याची जी अमेरिकी व्यवस्था आहे तिच्यात मुद्दाम ठेवलेली अचूकतेची उणीव मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली, आणि आज मोकळ्या आकाशाखाली साध्या भ्रमणध्वनीला आपली जागा सुमारे पाच मीटरांच्या आत सांगता येते. परंतु ग्रामीण रस्त्याचा डांबरी पट्टाच मुळी पावणेचार मीटरांचा असतो. तेव्हा अक्षांश-रेखांशांवरून रस्त्याची डावी बाजू की उजवी, कड की मध्य, हे ठरवता येत नाही, आणि सह्याद्रीच्या घाटांत, दाट झाडीखाली किंवा उंच कड्याला लागून ही चूक आणखी वाढते. म्हणून साखळी क्रमांक, म्हणजे रस्त्याच्या आरंभापासूनचे अंतर, लिहिलेली पाटी चित्रात असावी हा जुना पाहणीकारांचा आग्रह आजही कालबाह्य झालेला नाही. दुसरी गोष्ट, या नोंदी खोट्या करता येतात. भ्रमणध्वनीला आपण दुसऱ्याच ठिकाणी आहोत असे भासवणारी साधने सहज मिळतात. दिनांक बदलता येतो. एकच छायाचित्र थोडे कातरून दोन कामांच्या फायलींत लावता येते. याहून सर्रास घडणारी गोष्ट अगदी निरागस आहे: छायाचित्र व्हॉट्सअॅपवरून साहेबांना पाठवले जाते, त्या प्रवासात ते आकुंचित होते आणि त्याच्या पोटातील स्थळकाळाची नोंद गळून पडते. मग अहवालाला चिकटते ते केवळ चित्र; पुरावा वाटेतच सांडलेला असतो.

या ठिकाणी कायद्याचा संबंध येतो. डिजिटल दस्तऐवज न्यायालयात पुरावा म्हणून सादर करताना त्याच्या उगमाविषयी प्रमाणपत्र जोडावे लागते. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ही अट अनिवार्य असल्याचे स्पष्ट केले, मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले असेल तेवढा अपवाद ठेवून. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात तर त्या फाइलची ‘हॅश’ संख्या नमूद करावी लागते. फाइलमधला एखादा बिंदू बदलला तरी ही संख्या पार बदलते. खाडाखोड करू नये व केल्यास ती दिसावी, हा मोजमाप पुस्तकाचा नियमच येथे गणिताच्या वेषात परत आला आहे. परंतु रस्त्याच्या कामांचे किती अहवाल या कसोटीला उतरतील? पाहणीचे छायाचित्र काढल्याक्षणी त्याची ही संख्या शासकीय संगणकावर नोंदवली जावी, एवढी तजवीज तांत्रिकदृष्ट्या क्षुल्लक आहे. आणि ती नसेल तर कंत्राटदाराशी वाद उपस्थित होताच सारी चित्रे निव्वळ शोभेची ठरतील.

आपल्याकडील शासकीय योजनांचा विचार करता, प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने या मार्गावर सर्वांत पुढे पाऊल टाकले असे म्हणावे लागते. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या या योजनेखाली सात लाख किलोमीटरांहून अधिक रस्ते झाले, आणि त्यांच्या तपासणीची तीन पदरी व्यवस्था ठरली: जागेवरचा अभियंता, राज्याचा गुणवत्ता निरीक्षक आणि राष्ट्रीय निरीक्षक. राष्ट्रीय निरीक्षकाने जागेवरूनच स्थळनोंद असलेली छायाचित्रे योजनेच्या संगणकप्रणालीत चढवावी आणि कामाला समाधानकारक, सुधारणा आवश्यक किंवा असमाधानकारक अशी प्रत द्यावी, ही पद्धत आता रुळली आहे. निरीक्षक खरोखर तेथे गेला होता की नाही, हा एके काळचा कुजबुजीचा विषय तिने पुष्कळ अंशी निकालात काढला, हे श्रेय द्यावेच लागेल. पुढे याच योजनेतील रस्त्यांच्या देखभालीसाठी ई-मार्ग नावाची व्यवस्था आली. रस्ता झाल्यावर पाच वर्षे त्याची निगा राखण्याची जबाबदारी कंत्राटदाराची असते. अभियंता जागेवर जाऊन छायाचित्रांसह गुण देतो आणि त्या गुणांवर कंत्राटदाराचे देयक ठरते. या लेखकाला आजवरच्या सर्व प्रयोगांत हा प्रयोग सर्वाधिक मोलाचा वाटतो, कारण त्यात चित्राची गाठ पैशाशी बांधलेली आहे. ज्या छायाचित्रामुळे कोणाचेही देयक अडत नाही वा सुटत नाही, ते कितीही स्पष्ट असले तरी प्रशासनाच्या दृष्टीने नसल्यासारखेच असते.

राष्ट्रीय महामार्गांची तऱ्हा निराळी, कारण तेथे पैसा आहे आणि वेगही. महामार्ग प्राधिकरणाने २०२१ पासून आपल्या प्रकल्पांचे दर महिन्याला ड्रोनद्वारे चित्रण करणे बंधनकारक केले, जेणेकरून मागील महिन्याच्या चित्राशी चालू महिन्याची तुलना करून प्रगती जोखता यावी. पृष्ठभागाच्या स्थितीसाठी लेसर, कॅमेरे आणि स्थाननिश्चितीची उत्तम साधने बसवलेली पाहणी-वाहने फिरतात. यांतील अव्वल दर्जाची लेसर यंत्रणा चार मीटर रुंदीच्या मार्गिकेचा दर मिलिमीटरला एक असा उंचसखलपणा टिपते, तोही महामार्गाच्या वेगाने धावत असताना; आणि ती प्रकाशावर अवलंबून नसल्याने सावल्यांचा जुना उपद्रवही तिला नाही. तालुक्याच्या रस्त्याला हे वैभव परवडणारे नाही, आणि त्याची तितकीशी गरजही नाही.

तालुक्याच्या रस्त्यासाठी अधिक आशा आहे ती साध्या भ्रमणध्वनीच्या चित्रांतून यंत्राकरवी दोष ओळखण्याच्या प्रयत्नांत. टोकियो विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली मोटारीच्या काचेआड बसवलेल्या भ्रमणध्वनीने घेतलेली नऊ हजारांवर चित्रे, दोष खुणावून, सर्वांसाठी खुली केली. त्या कामाच्या पुढील टप्प्यांत दीक्षा आर्या यांच्या सहभागाने भारतातील चित्रे आली, आणि २०२२ पर्यंत हा संग्रह सहा देशांतील ४७,४२० चित्रांपर्यंत पोहोचला. त्यातून निघालेला एक निष्कर्ष ध्यानात ठेवण्याजोगा आहे: केवळ जपानी रस्त्यांवर शिकवलेले यंत्र भारतीय रस्त्यांवर आणले की चुका करू लागते. हे साहजिकच आहे. तेथील रस्त्यावर भेग ही बातमी असते. येथे भेगेवर चिखल असतो, शेजारी तीन प्रकारची ठिगळे असतात, मॅनहोलचे झाकण रस्त्यापेक्षा वितभर खाली असते आणि साइडपट्टी कोठे संपते हे स्थानिकालाही सांगता येत नाही. म्हणून आपल्या रस्त्यांची, आपल्या पावसाळ्यातील चित्रे आपणच जमवून खुणावली पाहिजेत; हे काम अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आवाक्यातले आहे.

नागरिकांच्या छायाचित्रांविषयी थोडक्यात. इंग्लंडमध्ये २००७ पासून, आणि आपल्याकडे ग्राम सडक योजनेपुरते २०१५ पासून ‘मेरी सडक’ या नावाने, लोकांनी खड्ड्याचे चित्र पाठवावे व कचेरीने उत्तर द्यावे अशा सोयी झाल्या. त्यांचा उपयोग आहेच. परंतु बॉस्टन शहरात २०१२ साली मोटारींना बसणारे धक्के भ्रमणध्वनीने आपोआप नोंदवण्याचा जो प्रयोग झाला, त्यात असा धोका लक्षात आला की ज्या वस्त्यांत महागडे भ्रमणध्वनी अधिक, त्या वस्त्यांचेच खड्डे अधिक दिसतात. तक्रारींच्या संख्येवरून निधी वाटू लागलो तर पाड्यावरचा रस्ता कायमचा मागे राहील. शिवाय तक्रारीचे उत्तर म्हणून येणारे ‘खड्डा बुजवला’ असे छायाचित्र बहुधा बुजवल्याच्या तासाभरातले असते. महिनाभरानंतरचे छायाचित्र मागण्याची रीत अजून पडलेली नाही.

ती पडण्यास आता निकड निर्माण झाली आहे. खड्ड्यांच्या प्रश्नावर २०१३ पासून सुनावणी करीत आलेल्या मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये असा निर्णय दिला, की खड्ड्यामुळे मृत्यू आल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमी झाल्यास दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई मिळावी. अपघाताच्या दिवशी तेथे खड्डा होता काय, तो किती जुना होता, तो बुजवल्याचे कधी सांगितले गेले होते, हे प्रश्न आता भरपाईच्या दाव्यात उपस्थित होणार, आणि त्यांची उत्तरे कोणत्या तरी छायाचित्राच्या पोटातील दिनांकावरच काढली जाणार.

म्हणून मागणी तीन गोष्टींची आहे. प्रत्येक थर झाकण्यापूर्वी, साखळी क्रमांक आणि माप दिसेल असे छायाचित्र घेतल्याखेरीज त्या थराचे देयक मंजूर होऊ नये. ते चित्र काढल्याक्षणी अभंग स्वरूपात नोंदले जावे. आणि दोषदायित्वाची मुदत संपेपर्यंत ते कोणाही गावकऱ्याला पाहता यावे. शासन हे करील तेव्हा करील. तोवर ज्यांच्या गावाला या हिवाळ्यात डांबरीकरण येणार आहे, त्यांनी रस्ता पुरा होण्याची वाट न पाहता खडी उघडी असतानाच टेप आणि भ्रमणध्वनी घेऊन कडेला जावे, जवळच्या किलोमीटरच्या दगडासह चित्र घ्यावे, ते व्हॉट्सअॅपवर फिरवण्याआधी मूळ फाइल जपून ठेवावी, आणि उपअभियंत्याच्या कार्यालयात अर्जासोबत देऊन पोच घ्यावी.